सुहासचे चार रविवार

सुहास जाधव तीन वर्षं बिरवाडीत माझ्याकडे भाड्याने राहतो. केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. पाळी सुटून आला की आधी अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतो, मग मला हाक मारतो. ज्या दिवशी हाक येत नाही, त्या दिवशी काहीतरी बिनसलेलं असतं.

बायको, पूजा, पोलादपूरला माहेरी राहते. सात वर्षांची साक्षी तिच्याजवळ असते. गेल्या ऑक्टोबरात कोर्टाने हुकूम दिला की दर दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहाला पूजाने मुलीला पोलादपूर एसटी स्टँडवर आणायचं आणि सुहासने पाचला तिथेच परत सोडायचं. हुकमाची घडी तो पाकिटात बाळगायचा.

नोव्हेंबर आणि डिसेंबर मिळून असे चार रविवार आले. एकदाही साक्षी त्याच्या हाती आली नाही. स्टँडवरून परतला की नळ वाजायचा, हाक यायची नाही.

वकीलबाईंनी हुकूम मोडल्याचा अर्ज केला. त्यात लिहिलं, 'चारही रविवारी अर्जदार हजर होता.' सुहासने सही केली. पूजाने उलट उत्तर दिलं की बापाला मुलीची पडलेली नाही, भेटीच बंद करा.

"पुरावा काय?" वकीलबाईंनी त्याला विचारलं.

"आमची घरमालकीण काकी रोज डायरी लिवते. कोण कधी गेलं, कधी आलं, सगळं."

"मग आणा की ते रजिस्टर!"

जानेवारीतल्या सुनावणीपर्यंत भेटी थांबल्या. तारखेच्या आदल्या संध्याकाळी तो माझी डायरी मागायला आला. मी नऊ नोव्हेंबरचं पान उघडून त्याच्यापुढे सरकवलं. 'सुहासची शनिवारची रात्रपाळी. बदली कामगार आला नाही, डबल पाळी लागली. दुपारी साडेतीनला घरी. न जेवता झोपला.'

तो उभा होता, तो खाली बसला. प्लांट चालू असताना बदली आल्याशिवाय जागा सोडता येत नाही आणि मोबाईल गेटवर जमा असतो. पूजाचा नंबर त्याला पाठ नव्हता.

"सुटल्यावर तरी फोन करायचास."

"काय तोंडाने करू, काकी? पयलाच रविवार. मला वाटलं, ती तरी कुठे आली असेल." मग म्हणाला, "बाकीच्या तीन पानांची झेरॉक्स देऊ का?"

"न्यायची तर अख्खी ने."

"मग पोरगी गेली माझी."

मी डायरी मिटून त्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी महाडला कोर्टात मी त्याच्याबरोबर गेले आणि मागच्या बाकावर बसले. डायरी त्याच्या पिशवीत होती. वकीलबाई त्याला बजावत होत्या, "विचारलं तेवढंच बोलायचं."

न्यायाधीश बाईंनी नेमकं तेच विचारलं. "चारही वेळा गेला होतात?"

सुहासने पिशवीचे बंद मुठीत धरले. मला त्याची फक्त पाठ दिसत होती.

"नाय मॅडम. पयल्या वेळी नाय गेलो. डबल लागली व्हती. पुढच्या तिन्ही वेळा पाचपर्यंत उभा व्हतो."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. पूजा मात्र ताडकन उठली.

"आणि त्याच दिवशी मी आणली होती तिला! अडीचपर्यंत बसलो बाकावर. डबा उघडू देईना, म्हणे पप्पा आल्यावर जेवू. मग कशाला आणू परत? ह्यांनी कंपनीशीच लग्न करायला हवं होतं!"

कोणीतरी हसलं. सुहास तिच्याकडे बघतच राहिला. ती आली होती, हे त्याला त्या घडीला कळलं.

मॅडमनी दोघांनाही झापलं. त्याला खोट्या सहीबद्दल, तिला तीन रविवार हुकूम मोडल्याबद्दल. पंचवीस जानेवारीला भेट व्हायलाच हवी. जो येणार नाही, त्याच्या विरुद्ध निकाल जाईल, असं सांगून त्यांनी पूजाला नंबर लिहून द्यायला लावलं. सुहासने तो बाहेर पायरीवर बसून पाठ केला.

चोवीसच्या शनिवारी त्याला रात्रपाळीच लागली. बदलून द्यायला कोणी तयार होईना. रविवारी सात वाजले, साडेसात झाले. मी पोहे केले आणि झाकून ठेवले. पावणेआठपर्यंत तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. बदलीचा माणूस माणगावहून मोटरसायकलवर येतो, एवढंच मला ठाऊक होतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी नळ वाजला. "काकी, बदलीवाला आत्ता आला गो! पूजाला सायबाच्या टेबलावरून फोन केलाय." पोहे न खाताच तो एसटी पकडायला फाट्याकडे पळाला.

संध्याकाळी साडेसहाला परतला. हात धुतले, हाक मारली आणि पायरीवर बसला.

"आली?"

"आली. आधी जवळच येईना. पूजाच्या मागे उभी राहून विचारते, आज डबल नव्हती?"

"मग?"

"मग डबा उघडला तिने." तो मनगटाने डोळे पुसत म्हणाला, "आठ तारखेला परत हाय. त्या शनिवारी मला कुठली पाळी येते, बघ की तुझ्या डायरीत."

मी मागची पानं चाळून हिशेब केला. रात्रपाळीच येत होती.