सिद्रामच्या पोटातले तीन डॉक्टर

वैरागच्या अलीकडे सिद्राम सायकलवरून उतरला आणि बाभळीखाली भडाभडा ओकला. मी मागून जीपमध्ये. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका मिलचा मी डॉक्टर होतो आणि हा माझाच खेळाडू.

पुढच्या रविवारी सायकल शर्यत होती. सोलापुरातल्या सात रस्ता चौकापासून बार्शी आणि परत. सिद्राम आमच्याकडे बदली कामगार. म्हणजे कुणी रजेवर गेलं, तरच त्याला काम. मॅनेजरसाहेबांनी शब्द दिला होता, पहिल्या तिघांत आलास तर पर्मनंट.

आज तिची ट्रायल होती. सकाळी तालमीतल्या वस्तादांनी त्याला तांब्याभर बदामाची थंडाई पाजली. साहेबांच्या घरून तुपातला शिरा आला. मी तरी कसला मागे राहतोय! चार अंडी आणि ग्लुकोज.

पाय जोरात चालले की रक्त तिकडे धावतं, पोटाचं काम रेंगाळतं. तुपाचं, बदामाचं जड खाणं तसंच पडून राहतं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. आठवलं बाभळीखाली.

"एरवी काय खातोस रे?"

"लांब करकंबला घरी जाताना कडक भाकरी आन गूळ. थोडं थोडं, चालत्या सायकलवर. बाटलीत मीठ घातलेलं लिंबूपाणी."

म्हणजे लागेल तशी साखर आणि घामातून गेलेलं मीठ. याहून वेगळं मी काय देणार होतो, कपाळ!

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी डॉक्टर. वस्ताद वस्ताद हायती. सायेब तर सायेबच. बदलीवाल्यानं न्हाय म्हनायचं कुनाला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शर्यतीच्या सकाळी साहेब डबा घेऊन हजर. "डॉक्टर, मिसेसनी पहाटे उठून केलाय."

"त्याला पथ्य आहे, सर." असं म्हणून तो शिरा मी खाल्ला. वस्तादांची थंडाईही मीच प्यालो. सिद्राम भाकरी-गुळाचे तुकडे खिशात घालून आणि लिंबूपाण्याची बाटली घेऊन निघाला. बार्शीपर्यंत मी जीपमध्ये पोट धरून बसलो होतो.

तो तिसरा आला. साहेबांनी विचारलं, "दिलंत काय त्याला?"

"कार्बोहायड्रेट आणि सोडियम."

"वा! सायंटिफिक!"

पर्मनंटची ऑर्डर हातात पडली त्या दिवशी साहेबांनी पुन्हा शिरा मागवला. सिद्रामने ऑर्डर नीट घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "नको सायेब. मला शिरा आवडतच न्हाय."

तेव्हापासून पेशंटला मी आधी विचारतो, एरवी काय खाता? आणि लगेच दुसरा प्रश्न, नोकरी पर्मनंट आहे ना?