खिळेकाकांचं इंग्रजी

खिळेकाकांनी उभा जन्म छापखान्यात काढला. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे छोटे ठसे, लाकडी खणांतून वेचायचे आणि ओळीत लावायचे, हे त्यांचं काम. त्यातही ते इंग्रजी विभागात. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, कंपन्यांची पत्रकं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. पुढे कॉम्प्युटर आले, खिळे भंगारात गेले आणि काका घरी बसले. पण छापखान्यात इंग्रजी सांभाळणारा माणूस हा लौकिक मात्र त्यांच्याबरोबर घरी आला.

इमारतीत कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो काकांकडे यायचा. काका चष्मा पुसायचे, कागद लांब धरायचे, एखाद्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून म्हणायचे, "हे बघ, इथे एक अक्षर चुकलंय यांचं." समोरचा दबून जायचा. मग काका कागदाची घडी घालून गंभीरपणे सांगायचे, "प्रकरण जपून हाताळ. ऑफिसात जाऊन समक्ष भेट." माणूस जायचा, समक्ष भेटायचा, काम व्हायचं. काकांचं नाव आणखी मोठं व्हायचं.

खरी गोष्ट फक्त काकूंना ठाऊक होती. काकांना इंग्रजी दिसायचं, समजत नव्हतं. कुठल्या अक्षराला कुठलं अक्षर चिकटतं हे त्यांच्या बोटांत पक्कं बसलेलं, पण अर्थाच्या नावाने आनंद. काकूंनी ही झाकली मूठ संसारभर झाकलेलीच ठेवली होती. कधीमधी एकटे असताना तेवढं चिडवायच्या.

मग सुनेने नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला.

सून एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. जखम धुणं, पट्टी बांधणं, रडणाऱ्या पोराला बोलण्यात गुंतवून इंजेक्शनपुरता दंड मोकळा करणं, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डॉक्टरच मागे लागले होते, रीतसर शिक म्हणून. आदल्या वर्षी तिने परीक्षा दिली. विज्ञानात तरली आणि इंग्रजीत आपटली. उतारा वाचून उत्तरं लिहायची होती, तो प्रश्न तिने हातसुद्धा न लावता सोडून दिला होता.

"यंदा बाबांकडूनच इंग्रजी शिकते," तिने जेवताना जाहीर केलं. "घरात एवढा जाणता माणूस असताना मी बाहेर कशाला क्लास लावू?"

नवरा डेपोत मेकॅनिक होता. त्याने लगेच मान डोलावली. काकांच्या हातातला घास तिथेच थांबला. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या पाणी आणायला म्हणून आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

"आता हो?" रात्री त्यांनी विचारलं. "फुटलं की बिंग."

"आधी स्पेलिंग पक्कं करून घेतो," काका म्हणाले. "पुढचं पुढे बघू."

दुपारी दवाखाना बंद असे. त्या वेळात जेवणाच्या टेबलावर शाळा भरू लागली. पुस्तक एकच, तेही जुनं, कुणाच्या तरी बहिणीने वापरून दिलेलं. पण त्याची अडचण झाली नाही. सुनेच्या समोर बसून काका ते उलट्या बाजूने, सरळ धरल्यासारखंच वाचत. खिळे उलटेच लावायचे असतात, त्यामुळे त्यांना उलटं-सुलटं सारखंच होतं.

स्पेलिंगमध्ये मात्र त्यांनी कमाल केली. सुनेला शब्द कानाने ठाऊक होते, स्वेलिंग, स्टिचेस, अ‍ॅलर्जी. दवाखान्यात रोजचेच. पण लिहायला बसली की कुठे एक अक्षर गळायचं, कुठे एक जादा यायचं. काकांना स्पेलिंग तोंडाने म्हणता येत नसे. ते डोळे मिटायचे आणि त्यांचा उजवा हात रिकाम्या टेबलावर भराभर फिरायचा, इथून एक, तिथून एक, न दिसणाऱ्या खणांतून अक्षरं उचलायचा. हात थांबला की म्हणायचे, "स्वेलिंग. एलच्या खणात दोनदा जातो हात. लिही." आणि, "क्यू कधी एकटा हिंडत नाही. यूला मागे घेऊनच घराबाहेर पडतो. आमच्या हिच्यासारखा नाही."

"मी कुठे हिंडते एकटी?" आतून काकूंचा आवाज यायचा.

रिकाम्या जागी योग्य शब्द भरा, यातही काका बरे निघाले. 'अ‍ॅडमिटेड'नंतर 'टू' येतं, हे त्यांनी शंभर वेळा जुळवलेलं होतं. का येतं, हे विचारायचं नाही. विचारलं तर म्हणायचे, "तसा रिवाज आहे."

घोडं अडलं ते 'रिलक्टंट'पाशी.

"बाबा, रिलक्टंट म्हणजे काय?"

"त्यात टी दोनदा येतो," काका म्हणाले.

"ते लिहिलं मी. अर्थ?"

"अर्थ वाक्यावर असतो, पोरी. वाक्य वाच."

"पेशंट औषध घ्यायला रिलक्टंट होता."

"हां. म्हणजे घेतलं त्याने," काका म्हणाले. "गुणी पेशंट दिसतो."

सून पेन्सिल तोंडाशी धरून त्यांच्याकडे बघत राहिली. पुढच्याच ओळीत नर्सने त्या पेशंटची समजूत काढली होती. काका खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे बघत होते. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला होता.

"मला वाटतं बाबा," ती हळूच म्हणाली, "त्याला औषध नको असणार. टाळाटाळ करत असेल. म्हणून तर नर्स समजूत काढतेय. बरोबर ना?"

"बरोबर!" काकांचा जीव भांड्यात पडला. "मी तेच बघत होतो, तुला सुचतं का."

त्या दिवसापासून शाळेची रीतच बदलली. सून अर्थ विचारेनाशी झाली. ती उतारा वाचायची, अडलेल्या शब्दाच्या मागचं-पुढचं चाचपायची आणि काकांना आपल्या भाषेत सांगायची, असं असेल, कारण पुढे असं म्हटलंय. काका ऐकायचे, माना डोलवायचे. कधी त्यांना खरंच गंमत वाटायची आणि ते विचारायचे, "मग त्या म्हातारीने पत्ता दिला की नाही शेवटी?" तेवढ्यासाठी सुनेला पुढचा परिच्छेद वाचावा लागायचा. आदल्या वर्षी ज्या उताऱ्याला तिने हात लावला नव्हता, तसले उतारे ती आता सासऱ्याला गोष्टीसारखे सांगू लागली.

पण एक दिवस काकांना जोर चढला. उतारा तापाच्या रोग्याबद्दल होता. चारांपैकी कुठलं विधान चूक, असा प्रश्न. सुनेने 'क'वर खूण केली. काका म्हणाले, "मला 'ब' वाटतं."

"ब?"

"ब. ठाम." कशावरून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रोज नुसतं बरोबर, बरोबर म्हणून बहुधा कंटाळले होते. सुनेने 'क' खोडून 'ब' केला.

दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं तेव्हा त्या पानावर 'ब'ही खोडलेला होता आणि 'क'भोवती लाल गोल होता.

"हे कुणी केलं?"

"डॉक्टरांना दाखवलं होतं सहज," सून म्हणाली. "चला, पुढचा घेऊ."

काकांनी पुस्तकावर हात ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"थांब. तुझं बरोबर होतं. माझ्या शब्दाखातर तू चुकीचं केलंस. असं परीक्षेत झालं तर?" ते घुटमळले. "पोरी, मला इंग्रजी येत नाही. अक्षरं येतात. बाकी काही येत नाही. लोक समजत गेले आणि मी समजू दिलं."

"ठाऊक आहे मला, बाबा."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"गुणी पेशंटपासून."

आत काकू मोठ्याने हसल्या.

"मग काल 'ब' कशाला केलास?"

"तुम्ही एवढं ठाम म्हणालात, तुम्हाला वाईट वाटलं असतं. घरच्या पुस्तकात केला. परीक्षेत थोडीच करणार होते?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "म्हणजे इतके दिवस मी तुझा फुकट वेळ खाल्ला."

"असं कसं? गेल्या वर्षी मला एक ओळ धड लिहिता येत नव्हती. आणि क्लासात मास्तर अर्थ सांगून मोकळे होतात. तुम्ही सांगितला नाहीत, म्हणून मला शोधावा लागला." ती हसली. "आता तुम्हीही शोधा माझ्याबरोबर. सोंग नको."

काकूंनी बाहेर येऊन दोघांपुढे चहा ठेवला. "सुटले बाई एकदाची," त्या म्हणाल्या. "यांचं गुपित सांभाळता सांभाळता म्हातारी झाले मी."

परीक्षेच्या दिवशी नवऱ्याने तिला मोटरसायकलवरून केंद्रावर सोडलं. काका मागून बसने गेले आणि फाटकाबाहेरच्या शेडमध्ये इतर पालकांत जाऊन बसले. सून बाहेर आली तेव्हा ते घाईने पुढे झाले. पेपर कसा गेला, हे न विचारता त्यांनी विचारलं, "उतारा कशावर होता?"

"मधमाश्यांवर."

"अर्रर्र. आपण तर सगळे रोगीच केले. मग?"

"मग काय, मधमाश्यांचीही गोष्टच होती." बस येईपर्यंत आणि बसमध्येही ती त्यांना ती गोष्ट सांगत होती.

इंग्रजीत तिला चांगले गुण पडले. एकूण यादीत नाव बरंच खाली होतं, त्यामुळे प्रतीक्षेत राहावं लागलं आणि घरादाराचा जीव टांगणीला लागला. पण वरच्या काहींनी दुसरीकडे प्रवेश घेतला आणि एके सकाळी तिला बोलावणं आलं. हॉस्टेलवर राहायचं होतं. नवऱ्याने ट्रंकेला नवं कुलूप आणलं, काकूंनी बॅग तीनदा भरली आणि तीनदा उपसली.

थंडी पडली तेव्हा तिचा स्वेटर घरीच राहिल्याचं लक्षात आलं. तो घेऊन काका तिच्या हॉस्पिटलात गेले. व्हरांड्याच्या टोकाला पोचले तर सून समोरूनच येत होती. अंगात कडक इस्त्रीचा गणवेश, हातात झाकलेला ट्रे, पावलं भरभर. तिच्यामागून काठी टेकत एक म्हातारा काहीतरी विचारत येत होता. ती थांबली, वळली, त्याच्या कानाशी वाकून सावकाश काही सांगितलं, त्याचा हात धरून त्याला बाकावर बसवलं आणि वॉर्डात गेली. काकांकडे तिचं लक्ष नव्हतं.

काकांनी हाक मारली नाही. कामाच्या माणसाला मधेच हाक मारू नये, हे त्यांना छापखान्याने शिकवलेलं होतं. स्वेटरची पिशवी त्यांनी रखवालदाराकडे दिली आणि बस पकडली.

"भेटली का?" दारातच काकूंनी विचारलं.

"बघितली," काका चपला काढत म्हणाले. "घाईत होती. पण त्या म्हाताऱ्याशी बोलली ना, तेव्हा अजिबात घाई नव्हती तिला."