लावलेलं हलवू नये

"मी पीत नाही, लावतो."

पार्टीत कोणी बिअरचा कॅन पुढे केला की आमचा दादा एवढंच म्हणायचा. समोर अमेरिकन असला तर त्या 'लावतो'चं इंग्रजी करता करता त्याला घाम फुटायचा आणि समोरचा बिचारा बुचकळ्यात पडायचा.

दादा सांगलीचा. अमेरिकेत, ॲन आर्बरला आम्ही दोघं एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. तो वयाने मोठा, पीएचडीला, म्हणून दादा. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नाही, आणि हा गडी हॉलमधल्या क्लॉजेटमध्ये, आमच्या कोटांखाली, मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत बिअर करायचा. हिवाळाभर माझ्या जॅकेटला बेकरीसारखा वास यायचा. असा माणूस तुम्ही पाहिला असेल तर सांगा, मला तरी दुसरा भेटलेला नाही.

दही लावतात तशी तो बिअर 'लावायचा'. आई फोनवर विचारायची, काय चाललंय? हा म्हणायचा, काही नाही, जरा लावून ठेवलंय. त्या माउलीला वाटायचं, पोरगं घरचं दही खातंय. उबेला ठेव आणि भांडं हलवू नकोस, असं ती बजावायची. हा हूं हूं करायचा आणि दह्याचे ते नियम बिअरला तंतोतंत पाळायचा. बादली लावलेली असली की मला हॉलमध्ये धावायची बंदी होती.

हे खूळ त्याला त्याच्या प्रोफेसरांमुळे लागलं. आदल्या हिवाळ्यात त्याचे वडील गेले. व्हिसा संपलेला, आणि भारतात गेल्यावर नवीन स्टँपिंग होईल याचा तेव्हा काही भरवसा नव्हता. गेला असता तर परत येता आलं असतं की नाही, देव जाणे. नाही गेला. पण मग लॅबलाही जाईना. रडला नाही, बोलला नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मी वरणभात पुढे ठेवायचो, तेवढा खायचा.

एका रविवारी ते प्रोफेसर बर्फातून बादली आणि बिअरसाठी माल्टची पिशवी घेऊन दारात उभे. सांत्वन नाही, उपदेश नाही. म्हणाले, हे काम एकट्याने होत नाही, जरा हात लाव. हा पीत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि संकोचापायी यानेही सांगितलं नाही. दुपारभर दोघं किचनमध्ये ते उकळत बसले. दुसऱ्या दिवशी दादा दाढी करून लॅबला गेला.

पुढच्या वर्षी प्रोफेसर रिटायर व्हायचे होते. दादाने ठरवलं, निरोपाला आपल्या हातची बिअर न्यायची. त्यांना न सांगता बादली लावली. दोन-तीन दिवस झाकणावरच्या नळीतून मस्त बुडबुडे आले आणि मग सगळं ठप्प. आत साखर तशीच होती, म्हणजे बिअर अर्धीच झाली होती. नवीन लावायला वेळ नव्हता.

मी म्हटलं, यार दादा, एखादं पेन दे ना.

"पेन कोणीही देईल," तो म्हणाला. "मला बोलता येत नाही रे. त्यांनी काय केलं माझ्यासाठी, ते सांगायला माझ्याकडे एवढंच आहे."

शेवटी ज्या दुकानातून सामान आणायचा तिथे त्याने फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, क्लॉजेट गार पडलं असेल, यीस्ट तळाला झोपलंय, उबेला ठेवा आणि बादली चांगली हलवा. दादाने फोन ठेवला. "लावलेलं हलवायचं नसतं," तो पुटपुटला. केमिकल इंजिनिअरिंगची पीएचडी करणारा माणूस! मी वैतागून म्हटलं, अरे बाबा, ते दही नाहीये. त्याला ते कळत होतं, पण हात होईना. मग म्हणाला, तू हलव, मी बघणार नाही. आणि बाथरूममध्ये जाऊन बसला. मी बादलीला मिठी मारून तिला पाळण्यासारखे झोके दिले. मग दादाने आपलं पांघरूण गुंडाळून तिला हीटरजवळ ठेवलं आणि स्वतः कोट घालून झोपला.

दुसऱ्या दिवशी मी क्लासहून आलो तर हा जमिनीवर मांडी घालून, बादलीला कान लावून बसलेला.

"बोलायला लागली," तो म्हणाला.

आता दादा कुठेतरी पश्चिमेकडे नोकरीला आहे. भेटी कधीच्या थांबल्या, आणि मला त्याची फार आठवण येते. आणि आठवण आली की डोळ्यांपुढे येतो तो प्रोफेसरांच्या घरचा निरोप. खोलीभर माणसं होती. दादाने आणलेल्या बाटल्यांपैकी एक ग्लासात ओतून प्रोफेसरांनी एक घोट घेतला, दादा बुटांकडे बघत उभा.

"गोड झालीये," ते म्हणाले.

दादाचं तोंड उतरलं. अडकलेली बिअर थोडी गोड राहते, हे त्याला माहीत होतं. प्रोफेसरांनी ग्लास संपवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उरलेल्या सगळ्या बाटल्या खाली बेसमेंटमध्ये नेऊन ठेव. इथे कोणाला देऊ नकोस. त्या माझ्या आहेत."

दादा खोकी घेऊन खाली गेला तो येईचना. मी बघायला गेलो तर पायरीवर बसलेला, मांडीवर खोकं.

"बाबांना कळलं असतं ना, पायताण काढलं असतं त्यांनी," तो म्हणाला आणि हसायला लागला. हसता हसता त्याला रडू फुटलं. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच. मी शेजारी बसलो. थोड्या वेळाने प्रोफेसर जिन्याच्या तोंडाशी आले, त्यांनी खाली बघितलं, आणि वरच्या माणसांचा आवाज येऊ नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं.