हात शिरेल एवढी जागा

साउथहॅम्प्टनजवळच्या एका छोट्या कारखान्यात मी मोटर कंट्रोल सेंटर डिझाइन करायचे. नाव भारदस्त असलं तरी ती असते पोलादी कपाटांची रांग. प्रत्येक कपाटात खण, आणि खणाखणात पंपांच्या मोटरी चालू-बंद करणारी, त्यांना जळू न देणारी उपकरणं. कुठल्या खणात काय बसवायचं हे ठरवणं माझं काम. तेव्हा माझं वर्क परमिट संपत आलं होतं. ते वाढवून मिळायला साहेबांनी सरकारला पटवायला हवं होतं, की हे काम करणारं माणूस इथे दुसरं मिळतच नाही. साहेब मात्र मूग गिळून बसलेले. नवरा माझ्या व्हिसावर डिपेंडंट, मुलगी नुकतीच शाळेत रुळलेली. "बॅगा खाली काढू का?" असं नवरा रोज चेष्टेत विचारायचा आणि मला रडू यायचं.

अशात एका पंपहाउसच्या बिल्डरने भिंत चुकीच्या जागी बांधून ठेवली. खोली आखूड झाली आणि आमच्या रांगेतलं एक अख्खं कपाट कमी करायची वेळ आली. ऑफिसातले सगळे माना हलवायला लागले. इम्पॉसिबल म्हणे! मला हसूच आलं. अरे, जागा नाही म्हणजे काय? आमच्याकडे बुटात लसणीची चटणी आणि कुकरच्या पोटात चकल्या घालून बॅगा भरतात. मी इकडे येताना आईने दोन बॅगांत अख्खा संसार बसवला होता, वर "अगं, अजून पापड मावले असते" म्हणून हळहळली होती. मी म्हटलं, द्या ते ड्रॉइंग इकडे.

मोटर सुरू करणाऱ्या मोठ्या स्टार्टरच्या कुशीत रिलेचे छोटे स्विच बसवले, टायमर दाराच्या आतल्या अंगाला लावले. उष्णतेचा हिशेब केला, नियमाने सोडायची अंतरं सोडली, केबलच्या वळणालाही जागा ठेवली. सगळं बसलं! साहेब ड्रॉइंग बघून "नॉट बॅड" म्हणाले. इंग्रज माणूस "नॉट बॅड" म्हणाला की आपण पेढे वाटायला हरकत नसते.

पेढे पचायच्या आत कपाटांचं वायरिंग करणाऱ्या फिटरने बोलावलं. हा सहा फुटी गडी, दारात उभा राहिला की आत अंधार व्हायचा. त्याने पहिल्याच खणात पंजा घातला. जोर लावला तेव्हा तो आत गेला, आणि मग बाहेर येईना. शेवटी भांडी घासायचं लिक्विड ओतून सोडवला. "हे कोणासाठी बनवलंय? मांजरीसाठी?" तो ओरडला. मीही तापले. म्हटलं, बघ, माझा जातो की नाही, आणि कोपरापर्यंत हात घालून दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेब शांतपणे म्हणाले, "छान. मग वायरिंग तूच कर."

बाह्या चारदा दुमडलेला ओव्हरऑल घालून मी स्टुलावर बसले. फिटर आधी फुरंगटून बसला होता, मग स्क्रूड्रायव्हर हातात द्यायला लागला, आणि नंतर चहासुद्धा. काम पुरं झालं.

तपासणीला पंपहाउसचे इंजिनिअर आले. बाई होत्या, उंचनिंच, धिप्पाड. मी आधी त्यांचे पंजेच बघितले. त्यांनी सगळ्या टेस्ट घेतल्या, सगळ्या पास झाल्या. मग त्यांनी एका खणात हात घालायला घेतला. "अंगठी काढा!" फिटर कळवळून म्हणाला. हात अर्थातच गेला नाही.

"यातलं काही बिघडलं तर बदलणार कोण?" बाईंनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"आणि तू इथे नसलीस तर?"

गेले कित्येक दिवस मी स्वतःला हेच विचारत होते.

"ती कुठेही जाणार नाही," साहेब म्हणाले. "मी बघतो ते."

भिंत काही हलणार नव्हती. बाईंनी कपाटं पास केली, पण दुरुस्तीला मीच यायचं या अटीवर. त्या गेल्यावर साहेब मला म्हणाले, "हे काम या देशात दुसऱ्या कुणालाही जमत नाही, असं कसं सांगावं हेच मला कळत नव्हतं. आता छातीठोकपणे सांगतो." घरी जाऊन मी हे सांगितलं तर नवरा म्हणतो, "एवढी शिकलीस, आणि आपण इथे राहणार ते तुझ्या बांगडीच्या मापावर!" मी त्याला उशी फेकून मारली आणि हसता हसता ढसाढसा रडले.

पुढच्या ऑर्डरीच्या वेळी मी शहाणी झाले होते. पट्टी घेऊन फिटरचा पंजा मोजायला निघाले, तर साहेबांनी दारातच अडवलं.

"आत्ता नको," ते हळूच म्हणाले. "आधी परमिट येऊ दे."