मामाच्या क्लॅरनेटचा सूर

आधीच सांगतो... करणी, उतारा, अंगात येणं असलं कोणी बोललं की मी भांडायला उठतो. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येते आहे.

मी वाशिमला असतो. कॉम्प्युटरवर वाद्यांचे आवाज तयार करतो, तेही रेकॉर्डिंग न वापरता. नळी किती लांब, तोंडाशी लावायची वेताची पट्टी किती कडक, फुंकेचा जोर किती, हे आकडे भरले की खऱ्यासारखा सूर निघतो. रिठदचे माझे मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. समोरचे दात पडले, वाजवणं सुटलं आणि माणूस गप्पच झाला. म्हटलं, त्यांचाच सूर काढून देऊ त्यांना.

जानेवारीत लॅपटॉप घेऊन गेलो. मामा शेजारी बसून सांगत होते, "फुंक जास्त होऊन राह्यली... हां, आता पाह्य!" मामी स्वयंपाक सोडून आली. "बाप्पा! हे तं तुमचंच वाजवणं हाये!" मामांनी डोळे पुसले आणि अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलायला जाऊन बसले.

मी एकच सूर लांब धरून ठेवला. कॉम्प्युटरला कुठे दम लागतो? श्वासाची जागा सोडलीच नव्हती. मिनिटभरात अंगणातून मामी किंचाळली, "राहुल, धाव रे! मामाले काय होऊन राह्यलं पाह्य!"

मामा गळा धरून बसले होते. ओठ निळे. श्वास आत येतच नव्हता! पाठ चोळली, काही नाही. गाडीची चाबी घ्यायला आत धावलो. त्या सुरानं डोकं उठलं म्हणून लॅपटॉपचं झाकण आदळलं, आणि बाहेर मामांनी मोठ्ठा श्वास घेतला.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं साफ आहेत. योगायोग, मीही म्हणालो. पण डोक्यातून जाईना. वाशिमला घरी आल्यावर मामीला फोन लावला. "मामा काय करतात?" "चहा पिऊन राह्यले." एका कानाला फोन, दुसऱ्याला हेडफोन. प्ले दाबलं... फक्त तीन सेकंद.

"काहून हो?" मामी तिकडे विचारत होती. "ठसका लागला का?"

मी हेडफोन काढून फेकला. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

याचं उत्तर कोणाकडे असेल तर सांगा, पण पुन्हा वाजवून बघ म्हणू नका. मामा दर रविवारी फोन करतात, "माहा सूर ऐकव ना बापू." मी खोटं सांगतो, फाइल उडाली. खरं तर ती तीन ठिकाणी जपून ठेवली आहे. वाजवली तर काय होतं, ते पाहिलंय. पुसली तर काय होईल, ते मला माहीत नाही.