सोडतीचं पिंप

गनीचाचा मूळचे हर्णैचे. वडील होड्या बांधायचे, त्यामुळे विशीत शारजाला आले ते थेट लाकडी जहाजांच्या दुरुस्तीलाच लागले. पुढे फायबरच्या बोटी आल्या, ते काम आटलं, आणि चाचांनी इंडस्ट्रियल एरियात पत्र्याची शेड घेऊन जुनं फर्निचर दुरुस्त करायला सुरुवात केली. कुठलंही लाकूड आधी नाकाला लावायचे, मगच हत्यार उचलायचे. त्यांच्या पत्नी मैमुनाबी म्हणायच्या, "माझ्या हांडीतल्या सालनाचा कधी एवढा वास नाय घेतला."

गेल्या हिवाळ्यात प्रज्ञा त्यांच्याकडे एक पिंप घेऊन आली. प्रज्ञा पुण्याची, दुबईतल्या एका खासगी संग्रहालयात कामाला. पिंप आडवं होतं, दोन खांबांवर टेकवलेलं. बाजूला फिरवायला दांडा आणि पोटाला एक इवलंसं दार. चाचांचा हात त्या दारातून बोटांच्या पेरांपुढे जाईना.

"एकोणिसाव्या शतकातलं आहे, चाचा. युरोपातल्या एका बंदराच्या नगरपालिकेचं. प्रदर्शनात ठेवायचंय, फिरलं पाहिजे."

"ह्याच्यात काय भरायचे?"

"नंबर. शहरात पाण्याचे नळ घालायला नगरपालिकेनं लोकांकडूनच कर्ज काढलं होतं. सगळ्यांचं एकदम फेडण्याची ऐपत नव्हती. मग पाणीपट्टीतून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढायची आणि सोडत काढायची. नंबर निघाला की मुद्दल परत. नाही निघाला तर नुसतं व्याज घ्यायचं आणि पुढच्या वर्षी परत यायचं."

"आमच्या भिशीवानी."

"तसंच. फक्त ही भिशी चाळीस वर्षं चालली. अनाथाश्रमातल्या एका मुलीचे डोळे बांधायचे, ती हात घालून लाकडी चकत्या काढायची. ज्यांचे नंबर येत नसत ते दरवर्षी येऊन समोर बसायचे. शेवटच्या वर्षी एक चकती निघालीच नाही. चारशे अठरा. एका विधवेचा नंबर. पिंप रिकामं, चकती हरवलेली. नंबर निघाल्याशिवाय पैसे देता येत नाहीत, म्हणाले. प्रकरण मिटलं."

प्रज्ञा गेल्यावर चाचांनी पिंपाच्या तोंडाशी नाक नेलं. लाकडाचा वास नव्हताच. बंद दालनात पुष्कळ माणसं ओले कोट घालून बसून गेली की मागे राहतो, तसला काहीतरी वास होता.

त्यांनी बाजूची फळी काढली, आतून सगळं फडक्यानं पुसलं, कोपरे चाचपले. आत काहीच नव्हतं. दाराच्या आतल्या कडेला मात्र लाकूड एका जागी झिजून गुळगुळीत झालं होतं, लहान मुलाचं मनगट टेकेल एवढंच. फळी बसवून त्यांनी दांडा फिरवला.

टक्. टक्. आत एकच चकती गडगडत होती.

चाचांनी फळी परत काढली. आत पुन्हा काहीच नव्हतं. लाकूड सुकतंय, असं स्वतःशी म्हणत त्यांनी ती दुसऱ्यांदा ठोकली आणि त्या दिवशी दांड्याला हात लावला नाही.

शुक्रवारी त्यांचा मुलगा हम्माद त्याच्या सात वर्षांच्या मुलीला, फिझाला, शेडवर सोडून गेला. ती आजोबांना दादा म्हणायची. चाचा पॉलिश घोटत होते. वळून पाहिलं तर फिझा पिंपाशी उभी. तिनं दांडा फिरवला, थांबली, डोळे गच्च मिटले, मान बाजूला वळवली आणि दारातून हात आत घातला. हात बाहेर आला तसा डोक्यावर उंच धरला. बोटांत लाकडी चकती होती.

"फिझा! असं कोणी शिकवलं तुला?"

"नोबडी, दादा. दॅट्स हाऊ यू डू इट."

चकतीवर चारशे अठरा कोरलेलं होतं.

चाचांनी फोन केला तशी प्रज्ञा धावत आली, फोटो काढले, चकती हातात घेऊन उलटसुलट केली. "कुठल्यातरी फटीत अडकली असणार," ती म्हणाली. चाचांना ठाऊक होतं, त्या पिंपाला फट नव्हती, पण ते कोणाला सांगून पटणार?

उन्हाळ्याच्या तोंडाला प्रदर्शन सुरू झालं; पहिल्या दिवशी चाचांना सहकुटुंब बोलावणं होतं. ते फिझाला घेऊन दुपारीच पोचले. दालनात पिंप काचेआड होतं, शेजारी चकत्यांची पेटी, आणि संध्याकाळच्या व्याख्यानासाठी समोर खुर्च्यांच्या रांगा. दालनात दुसरं कोणी नव्हतं. फिझा काचेशी जाऊन उभी राहिली, मग खुर्च्यांकडे वळली आणि चाचांचा सदरा घट्ट धरला.

"दादा, दे आर ऑल वेटिंग."

एसीची घरघर चालू होती. चाचांना तो वास आला, ओल्या कोटांचा. त्यांनी मनातल्या मनात कुराणातली आयत म्हटली. मग घसा खाकरून त्या रिकाम्या रांगांना मोठ्यानं सांगितलं, "खलास. तुमचं सगळ्यांचं फिटलं. कवाच फिटलं. आता घरी जावा."

आपलाच आवाज ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. पण जुम्म्याची नमाज सुटल्यावर मशीद हळूहळू मोकळी होते, तसं त्या दालनात काहीतरी मोकळं होत गेलं. पायांचा आवाज नव्हता, तरी चाचा वाटेतून बाजूला सरकले.

"गेले?" त्यांनी विचारलं.

"यस." फिझानं पहिल्या रांगेकडे बोट केलं. "नॉट दॅट लेडी."

चाचा त्या खुर्चीपाशी गेले. कोकणातल्या कुठल्याही म्हातारीशी बोलावं तसं वाकून म्हणाले, "बाय, तुजा नंबर निघाला. चारशे अठरा. माज्या नातीनं काढला."

फिझानं खुर्चीकडे निरखून पाहिलं. "शी डझन्ट बिलीव्ह यू, दादा."

चाचांना राग आला नाही. इतकी वर्षं पुढच्या वर्षी या, पुढच्या वर्षी या ऐकलेल्या बाईनं आज एका परक्या सुताराच्या शब्दावर का उठावं? ते शेजारच्या खुर्चीवर बसले. "नको ठेवू इश्वास. मी बसतो तुज्यासंगं."

संध्याकाळी दालन भरलं. त्या खुर्चीवर एक बाई बसल्या आणि लगेच उठल्या, ओली आहे म्हणाल्या. प्रज्ञानं हात लावून पाहिलं, कोरडी होती.

प्रदर्शन दोन महिने चाललं. चाचा दर शुक्रवारी नमाजनंतर बस पकडून तिथं जात आणि अंधार पडता पडता घरी येत. तिथं काय करता, असं मैमुनाबींनी एकदाच विचारलं. "बोलत बसतो," एवढंच उत्तर मिळालं.

शेवटच्या शुक्रवारी ते ऊन असतानाच परतले.

"आज लवकर?" मैमुनाबींनी दार उघडत विचारलं.

"गेली ती. जाताना माज्या हातावर हात ठेवून गेली."

मैमुनाबींनी त्यांचा हात हातात घेतला. बाहेर चाळीस डिग्री ऊन होतं, आणि तो हात मनगटापर्यंत बर्फासारखा गार होता. त्यांनी तो पदराखाली धरला आणि ऊब येईपर्यंत सोडला नाही.