माहेरी गेलेल्या सहाजणी

मी इंटर सायन्सचा विद्यार्थी आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी मला भोळा समजेल... भूतखेत, अंगात येणं यांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे असं काही लिहिताना संकोच वाटतो. पण गेले आठ महिने ही गोष्ट डोक्यातून जात नाही. वाचकांपैकी कुणाला उलगडा सुचला तर तो मला हवाच आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चांदा जिल्ह्यात, सिंदेवाहीच्या बाजूला, देवीची साथ होती. गावोगाव फिरून देवी टोचणाऱ्या रामाजीभाऊंना लिहायला एक माणूस हवा होता. सुट्टी होती, मी गेलो. गरोदर बाईला देवी आल्या तर बहुतेक वेळा दोन्ही जीव जातात, म्हणून अशा बायांची वेगळी यादी करायची, असं भाऊंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तलावाकाठी तीसेक घरांची एक वस्ती होती. मासे मारणारी, थोडं धान पिकवणारी माणसं. माझी थोरली बहीण सखू तिथंच दिलेली. तिला सातवा महिना चालू होता. रामाजीभाऊ आंब्याखाली बसून लोकांचे दंड टोचत होते आणि मी वही घेऊन घरोघर फिरत होतो.

त्या भागात समजूत अशी की पोटुशी बाईला सुई लावली तर माता कोपते. त्यामुळे पाच घरी मला एकच उत्तर मिळालं – सून माहेरी गेली. सहावं घर सखूचं. ती दाराआड उभी होती, तिचा पदर मला दिसत होता. सासू ओसरीवर मोहफुलं निवडत होती.

“बापू, माहेरी गेली म्हणून लिही.”

“अहो मावशी, तिचं माहेर म्हणजे आमचंच घर ना.”

“मंग तं तुले पक्कंच मालूम.”

मी हसलो. खरं तर हसायला नको होतं. पण बहिणीच्या सासरी, तिच्या सासूसमोर, माझ्याच्यानं उलट बोलवेना. मी सहावं नाव लिहिलं आणि पुढे ‘माहेरी’ असं लिहिलं. गडबडीत नाव सवयीनं सखूच लिहून गेलो. सासरी तिचं नाव पार्वता ठेवलेलं, तिथं सगळे तिला त्याच नावानं हाक मारतात. तलावापलीकडे एक घर राहिलं होतं. ऊन फार झालं होतं, मी तिकडे गेलोच नाही.

आम्ही पुढच्या गावांना निघून गेलो. आठव्या दिवशी, टोचलेलं धरलं की नाही ते बघायला परत यायचं असतं. त्याच्या आदल्या दिवशी कळलं की सखूच्या शेजारच्या घराला कडुनिंबाचे डहाळे बांधलेत, म्हणजे तिथं देवी आल्यात. मग मात्र मी भाऊंना सगळं खरं सांगितलं.

ते रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाले, “सहाच्या सहा घरीच हायेत? आन् तू आता सांगून राह्यला?” आणि लशीच्या नळ्या गुंडाळलेलं ओलं फडकं उचलून सायकलीवर बसले.

आम्ही पोचलो तेव्हा सखू ओसरीवर बसली होती. तिच्या डाव्या दंडावर चार फोड होते, गोल, पाणी धरलेले, मध्ये खळगी पडलेली. भाऊ बराच वेळ वाकून बघत राहिले.

“पाच-सा दिवसांचं हाये. कोणं टोचलं?”

“तुमच्यावाल्या बाईनं,” सखू म्हणाली. “बाजाराच्या दिवशी दुपारी आली ना.”

“आमच्यात बाई कुठी हाये?”

सासू मध्येच म्हणाली, “बाई होती म्हणून त हात देऊ देला. आली तशी म्हणे, सखू कुठी हाये. या घरात तिले सखू कोणी म्हणत नाई. मी म्हटलं, माहेरचीच पाठवली असन.”

“मलेबी वाटलं, तूनंच पाठवली,” सखू माझ्याकडे बघून म्हणाली.

बाई कशी होती, ते मी पुन्हा पुन्हा विचारलं. साधं पांढरं लुगडं, हातात टिनाची पेटी. दोन गडवे पाणी प्याली. ऊन लय हाये म्हणाली. (असल्या गोष्टींतली माणसं पाणी पितात का, मला माहीत नाही.)

उरलेल्या पाच घरीही ती गेली होती. माझ्या वहीत ज्या क्रमानं नावं होती, अगदी त्याच क्रमानं. ती वही तेवढे सगळे दिवस माझ्या पिशवीत होती, रात्री उशाशी. भाऊंनी लशीच्या नळ्या मोजल्या – एकही कमी नव्हती. सहाही दंड बघून ते म्हणाले, “हात शिकलेला हाये. माह्यापेक्षा बरा.”

तलावापलीकडच्या त्या राहिलेल्या घरची सूनही गरोदर होती. ती माझ्या वहीत नव्हती. तिच्याकडे बाई गेली नाही. आम्ही परतलो तोवर तिला देवी आल्या होत्या... ती वाचली, पण पोटातलं मूल गेलं. त्या सहाजणींपैकी कुणालाही काही झालं नाही. सखूला मुलगी आहे.

मी चांद्याच्या कचेरीत विचारलं. आसपासच्या दवाखान्यांतून चौकशी केली. जिल्ह्यात देवी टोचणारी बाई नाही, आणि त्या बाजूला कुणी गेलंही नव्हतं.

सुट्टी संपताना वही कचेरीत द्यायची होती. मी सहाही नावांपुढचं ‘माहेरी’ खोडलं आणि ‘टोचली, धरली’ असं लिहिलं. शेवटचा रकाना टोचणाऱ्याच्या नावाचा असतो. तिथं काय लिहू, असं भाऊंना विचारलं. माझं लिहून दे, म्हणजे विषय मिटला, असं ते म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “म्या नाई टोचलं, बापू.”

कचेरीतून वही एकदा परत आली, ते सहा रिकामे रकाने भरून पाठवा म्हणून. आम्ही ती तशीच पुन्हा पाठवली.